तिसऱ्या गाण्यानंतरचा ताव

हलगी थंड वाजत नाही. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. लोखंडी कड्यावर बकऱ्याचं चामडं ताणलेलं असतं. हवेतली ओल शिरली की ते सैल पडतं. मग काठी मारली तर पोत्यावर मारल्यासारखा धप्प आवाज येतो. शेगडीवर शेकलं की चामडं आवळतं आणि आवाज दोन गल्ल्या ओलांडून जातो. या शेकण्याला आम्ही ताव देणं म्हणतो. एक ताव तीन गाणी टिकतो. दमट हवेत दोनच.

मला ताव कळतो. वाळूजच्या कारखान्यात मी एकोणतीस वर्षं भट्टीवर होतो. पोलादाचे गिअर तापवायचे, तेलात बुडवायचे. ताव कमी पडला तर माल मऊ, जास्त झाला तर तडकतो. दोन्ही वेळी शिव्या मलाच. म्हणून आमच्या बँडची शेगडी माझ्याकडे होती. मी वाजवत नाही, गात नाही. मी फक्त शेकायचो.

हे लिहितोय ते कारभारीबद्दल. गेल्या डिसेंबरात मैदानावर जे पाहिलं, ते अजून मला खरं वाटत नाही.

कारभारी देवगाव रंगारीचा. घर शेतकऱ्याचं. गावातल्या एका म्हाताऱ्या हलगीवाल्याकडे तो लहानपणी जाऊन बसायचा. आपल्या घरातल्या पोराने गळ्यात हलगी घालावी हे वडिलांना पटेना. त्यांनी दोनदा बडवला. तिसऱ्यांदा बडवायला निघाले तेव्हा तो बजाजनगरात खोली घेऊन कारखान्यात लागला होता. म्हाताऱ्याकडे तो सहा वर्षं शिकला. पहिलं अख्खं वर्ष म्हाताऱ्याने त्याला काठीला हात लावू दिला नाही, नुसतं शेकायला लावलं. कारभारी हे अभिमानाने सांगायचा. शिकवण्याची ती पद्धत मलाही बरोबर वाटते.

कारखान्यात तो प्रेस शॉपला होता. दिवसभर पत्र्यावर घण पडल्यासारखा आवाज. त्यात त्याचा डावा कान निम्मा गेला. उजवा बरा होता.

२०११ च्या गणपतीत आमच्याकडे मंदार नावाचा डिप्लोमावाला पोरगा ट्रेनी म्हणून आला. सिडकोत राहणारा, वडील सरकारी कचेरीतून निवृत्त. गिटार वाजवायचा, स्वतः गाणी रचायचा. गाणी आमच्याबद्दल असायची. कंपनीची बस, डब्यातली गार भाजी, ओव्हरटाइम. त्याने कारभारीची हलगी मंडळाच्या मिरवणुकीत ऐकली आणि दुसऱ्या दिवशी प्रेस शॉपच्या दारात येऊन उभा राहिला.

"काका, माझ्याबरोबर वाजवाल का?"

"तुझं ते लाकूड लई हळू वाजतंय बाबा. माझ्यापुढं ऐकूच येणार नाय."

"मग तुम्ही हळू वाजवा."

"हलगी हळू वाजवायची तर घरी बसलेलं काय वाईट?"

पण कारभारी गेला. सावनी नावाची गाणारी मुलगी आली. आणखी दोघं आले. पहिल्या पाळीनंतर पाण्याच्या टाकीखाली सराव व्हायचा, म्हणून नाव पडलं 'पहिली पाळी'.

पहिला कार्यक्रम मंडळाच्या मांडवात झाला. दोनशे माणसं, त्यातली निम्मी लेकरं. तीन गाणी झाली आणि हलगीचा ताव उतरला. कारभारी सरळ खाली आला. मी मांडवामागे शेगडी पेटवून ठेवली होती. गोवरीचा विस्तव. कागदाचा जाळ नाही, त्याने चामडं करपतं. हलगी एक वीत वर धरायची, फिरवत राहायची, बोटाने टिचकी मारून ऐकायचं. चार मिनिटं लागली. तेवढा वेळ सावनी माइक धरून एकटी उभी. शेवटी म्हणाली, "काका ताव द्यायला गेलेत. तोवर तुमच्यापैकी कोण गातंय?"

पेंट शॉपचा एक जण उठला आणि लावणी म्हणाला. बेसूर. लोकांनी मांडव डोक्यावर घेतला.

तिथून ती रीतच पडली. तीन गाणी, मग ताव. लोक त्या तावाची वाट बघायचे. कुणी आपल्या सुपरवायझरची नक्कल करायचं, कुणी बायकोची माफी मागायचं. कारभारी परत आला की हलगीवर एकच टोला मारायचा. कण्ण! सगळे गप्प. मग चौथं गाणं. माझ्या मते त्या कार्यक्रमात सगळ्यात चांगलं काही असेल तर तो टोला. त्यामागे चार मिनिटांची मेहनत असायची आणि ती ऐकू यायची.

कारभारीच्या बायकोने तो टोला कधी ऐकला नव्हता. साळूबाई वहिनींची खानावळ होती. कारखान्यांतल्या एकट्या पोरांचे चाळीस डबे, रोज संध्याकाळी. कार्यक्रम संध्याकाळी, डबेही संध्याकाळी. पण पहिला ताव त्यांचाच असायचा. निघण्याआधी पोळ्यांचा तवा उतरवून त्या हलगी शेकायच्या आणि गोधडीत गुंडाळून द्यायच्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा बरा. हे मी लिहून देतो.

"एकदा येऊन ऐक की," कारभारी म्हणायचा.

"मी आले तर चाळीस पोरं उपाशी. तुमच्या टोल्यानं त्यांचं पोट भरतंय का?"

"एक दिवस बाहेर खातील."

"एक दिवस तुमी बाहेर खाऊन बघा."

बँड मोठा होत गेला. गावोगावच्या गणपतीनंतर कॉलेजांची संमेलनं, मग शहरातलं नाट्यगृह. तिथे रंगमंचामागे विस्तव चालत नव्हता. शेगडी मागच्या आवारात. जाऊन येऊन अकरा मिनिटं लागायची, मी घड्याळ लावून मोजली आहेत. मंदारने त्या वेळात मध्यंतर टाकलं. लोक वडा खायला बाहेर. लावणी बंद झाली. मग वैजापूरच्या मार्केट यार्डात ट्रकवर मंच बांधला होता, सहा हजार माणूस. तिथे कारभारीने दोन हलग्या नेल्या. एक वाजत होती, एक मी मंचाखाली शेकत होतो. थांबायची गरज उरली नाही. काम दुप्पट झालं, पण मला तक्रार नव्हती. फक्त तो टोला गेला.

गेल्या दोन वर्षांत गाणी मोबाइलवर गाजली आणि मैदानं सुरू झाली. मंदारने नोकरी सोडली. साउंडला मिहिर नावाचा तरुण आला. तो कानात घालायची यंत्रं सगळ्यांना देऊ लागला. कारभारीने घेतलं नाही. "एकच कान हाय, त्याला बूच कशाला मारू?"

मागच्या पावसाळ्यात मंदारने सगळी गाणी एका स्टुडिओत रेकॉर्ड केली. अल्बमसाठी, असं म्हणाला. मी त्या दिवशी सातबाऱ्याच्या कामासाठी वैजापूरच्या तहसीलमध्ये अडकलो होतो. म्हणून शेगडीवर साळूबाई वहिनी गेल्या. त्यांचे गुडघे धरले होते आणि त्यांनी खानावळ नुकतीच बंद केली होती. त्या दिवसभर गच्चीत बसून शेकत राहिल्या. नऊ गाणी, नऊ ताव. आत काचेमागे कारभारी वाजवत होता. त्यांना काही ऐकू आलं नाही.

मग डिसेंबरातला कार्यक्रम ठरला. आपल्याच शहरात, बीड बायपासजवळच्या मैदानावर. वीस हजार लोक. कारभारी माझ्या घरी येऊन म्हणाला, "साहेबराव, ती येतीय."

"कोण?"

"कोण म्हणजे? साळू! पुढच्या रांगेचा पास घेतलाय. तेरा वर्षं झाली, एकदा बी ऐकलं नाय तिनं. तू शेगडी नीट बघ. बाकी काय बी होऊ दे, ताव कमी पडायला नको."

माणूस बासष्ट वर्षांचा. पास खिशातून दोनदा काढून दाखवला.

आम्ही दुपारी तीनला मैदानावर पोहोचलो. फाटकावर सुरक्षावाल्याने माझी पिशवी उघडली. शेगडी आणि गोवऱ्या बाहेर काढल्या.

"ये क्या है, चाचा?"

"ताव द्यायचं सामान."

"आग अलाऊड नहीं. ना बीडी, ना माचिस."

मी खूप बोललो. त्याने शेगडी रस्त्याकडेला ठेवली. त्याचं काम तो करत होता. आत जाऊन मिहिरला सांगितलं. तो तारांच्या ढिगात बसला होता. मान वर न करता म्हणाला, "काका, टेन्शन नको. सगळं सेट आहे."

"काय सेट हाय? हलगी गार हाय," कारभारी म्हणाला.

मिहिरने सावनीच्या खोलीतून केस वाळवायचं यंत्र आणून दिलं.

"हे घ्या. गरम हवा."

कारभारीने ते उलटसुलट करून बघितलं. "हलगीचं लगीन हाय व्हय आज? पावडर बी आण मग."

हसलो आम्ही. पण त्याच यंत्राने दहा मिनिटं शेकलं. वरून चामडं ऊन लागलं, आतून ओलच होतं. थंडीचे दिवस, त्यात आभाळ आलेलं आणि हवा दमट. मी टिचकी मारली. धप्प. मेलेली हलगी. कारभारीने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं.

"माइक हाय ना मोठा," तो म्हणाला. "जोर लावतो."

साडेपाचला कार्यक्रम सुरू झाला. मी आणि वहिनी पुढच्या रांगेत. मंचाच्या दोन्ही बाजूंना तीन मजली घराएवढे पडदे. कारभारी मागे उजवीकडे, लोखंडी चौथऱ्यावर. त्याने काठी उचलली आणि मारली.

कण्ण!

मी दचकलो. इतका नीट ताव. आवाज पोटात घुसत होता. मागे वीस हजार माणसं ओरडली. मी स्वतःलाच विचारलं, पाऊण तासापूर्वी मी टिचकी मारली ती हलगी कुठली? भट्टी बंद असताना गिअर कडक होऊन बाहेर आला तर मला जसं वाटलं असतं, तसं वाटलं. वहिनींकडे बघितलं. त्या मांडीवरच्या गोधडीची घडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. नवऱ्याला पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाईचा तो चेहरा नव्हता.

"वहिनी, कसं वाटतंय?"

"वाजतंय," त्या म्हणाल्या. एवढंच.

दुसरं गाणं. तिसरं गाणं. कारभारी खांद्यापासून हात आणून मारत होता. घामाने सदरा चिकटला होता. एवढा जोर तो कधी लावत नाही. हलगीला जोर लागत नाही, ताव लागतो.

तिसरं गाणं संपलं. आणि कारभारीने जुन्या सवयीने तेच केलं. काठ्या कमरेला खोचल्या, हलगी काखेत घेतली आणि मंचामागच्या पायऱ्यांकडे चालायला लागला. मैदानावर तावाची रीत राहिली नव्हती. त्याला दोन हलग्यांची सवय झाली होती. पण त्या दिवशी बायको समोर होती, हलगी उतरलेली होती, आणि तिसरं गाणं संपलं होतं. पाय आपोआप निघाले.

मंदार थांबला नाही. त्याने मागे पाहिलंही नाही. चौथं गाणं सुरू झालं. त्या गाण्याची सुरुवात हलगीने होते. फक्त हलगी, आठ टोले.

आठही टोले वाजले.

चौथऱ्यावर कोणी नव्हतं. मी उभा राहिलो. डोळे चोळले. पडद्यावर पाहिलं तर तिथे कारभारीचे हात. मनगटावरचा पत्रा लागलेला जुना व्रण तीन फूट लांब दिसत होता. हात वाजवत होते. सदरा मात्र निळा. आज त्याने पांढरा घातला होता.

मागे वळून पाहिलं. वीस हजार माणसं नाचत होती. कुणी एकाने, एकाने तरी, रिकाम्या चौथऱ्याकडे बोट दाखवावं म्हणून मी वाट पाहिली. कुणी दाखवलं नाही. कारखान्यात डोळ्यांदेखत एकाची बोटं प्रेसमध्ये गेली होती, तेव्हाही मी एवढा हादरलो नव्हतो. तिथे निदान सगळे ओरडले होते.

वहिनी उठल्या होत्या. गुडघे धरलेली बाई माझ्यापुढे चालत होती. कडेच्या फाटकाने आम्ही मंचामागे गेलो.

कारभारी शेवटच्या पायरीवर उभा होता. काखेत हलगी, तोंड उघडं. चांगला कान त्याने मंचाकडे केला होता. वरून त्याचीच हलगी वाजत होती. मिहिर धावत आला.

"काका, खाली काय करताय? वर जा, लाँग शॉट आहे, अख्खा मंच पडद्यावर दिसतोय!"

"कोण वाजवतंय?"

"म्हणजे?"

"वर कोण वाजवतंय?"

"तुम्हीच, काका."

"मी हितं हाय."

मिहिरने कानातलं यंत्र काढलं. "तुमचाच ट्रॅक आहे. स्टुडिओतला, पडद्यावरचे हातही तिथलेच. एवढ्या मोठ्या ग्राउंडवर रिस्क घेता येत नाही. मंदारदादांनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

कारभारीने हलगीकडे पाहिलं, जशी ती दुसऱ्या कुणाची आहे. मग म्हणाला, "मला वाटलं मशिनीनं आवाज सुधारला. तीन गाणी मी जीव तोडून मारतोय. माझा माइक?"

"बंद आहे," मिहिर हळू म्हणाला. "पहिल्यापासून."

मग कारभारीने बायकोला पाहिलं. इतका वेळ त्याला ती दिसलीच नव्हती. तो काही बोलणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मला पहिल्याच टोल्याला कळलं."

"काय कळलं?"

"चामडं गार हाय अन् आवाज तापलेला. आन् तो ताव माझा हाय. गच्चीवर शेकला होता त्यो. मी माझा हात वळखीन का नाय?"

"मग बोलल्या का नाहीत?" मी विचारलं.

त्या माझ्याकडे न बघता त्यालाच म्हणाल्या, "मला वाटलं, तुमाला ठाव हाय. मला वाटलं, तेरा वर्षं हे असंच चाललंय. हात हालवायचे अन् मशीन वाजवायचं. म्हणून मला बोलवत व्हते का, म्हणलं, हे दाखवायला? तीन गाणी मी तुमाला खोटा माणूस समजून बसले व्हते. तुमी पायऱ्या उतरलात, तवा जिवात जीव आला."

कारभारी खाली पायरीवर बसला. बँड, ट्रॅक, माइक, यातल्या कशाने तो बसला नव्हता. या वाक्याने बसला.

मग त्याने विचारलं, "इस्तू कुठं मिळंल?"

फाटकाबाहेर मक्याची कणसं भाजणारा एक गाडा होता. माझी शेगडी अजून रस्त्याकडेला तशीच होती, पण पेटवून निखारे होईपर्यंत अर्धा तास गेला असता. गाडेवाल्याने आधी नाही म्हटलं. वहिनींनी त्याची चार कणसं विकत घेतली आणि त्याच्या जागी स्वतः उभ्या राहिल्या. हलगी एक वीत वर. फिरवत. टिचकी.

"झालं," कारभारी म्हणाला.

"नाय. अजून एक फेरा."

चार मिनिटं लागली. आत मैदानात सहावं गाणं चाललं होतं, त्यातही हलगी होती. वहिनींनी हलगी त्याच्या हातात दिली. त्याने काठी उचलली आणि एकच टोला मारला. गाडेवाल्याने कान झाकले. रस्त्यावरचं कुत्रं उठून पळालं. वहिनींनी मान डोलावली. दुसरा टोला त्याने मारला नाही. हलगी गोधडीत गुंडाळली आणि आम्ही रिक्षाने घरी आलो.

रविवारी मंदार आला. पोरगा वाईट नाही. जमिनीवर बसला, वहिनींनी चहा दिला.

"काका, मी सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही. आधीच्या एका मैदानावर दव पडलं आणि तुमची हलगी मागच्यांना ऐकूच गेली नाही. लोकांनी बाटल्या फेकल्या. तुम्हाला दिसल्या नाहीत, मला दिसल्या."

"मग थांबायचं. ताव द्यायचा."

"पाच मिनिटं थांबलो तर वीस हजार लोक घरी जायला निघतात, काका."

"दोनशे थांबायचे की."

"ते दोनशे होते."

कारभारीने चहाचा कप बाजूला सारला.

"तुम्ही नुसते उभे राहा," मंदार म्हणाला. "लोकांना तुम्ही हवे आहात."

"उभं राहायचं काम मी कधी केलं नाय. प्रेसवर बी नाय."

"मग ट्रॅक काढून टाकू का?"

कारभारीने वहिनींकडे पाहिलं. "ठेव. ते बी केलेलं काम हाय. तिनं दिवसभर शेकलंय त्याला. पण मी तिथं हाय असं कुणाला सांगू नको."

मंदार हो म्हणून गेला.

आता कारभारी घरी असतो. कधी टाकीखाली बसून दोन पोरांना शेकायला शिकवतो. त्यांना अजून काठी दिलेली नाही. बँड जोरात चाललाय. मागच्या महिन्यात पुण्याच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ वहिनींच्या फोनवर आला. आम्ही तिघांनी पाहिला. चौथं गाणं सुरू होण्याआधी सावनी हात उंचावून ओरडली, "हलगीवर आपले कारभारीकाका!" हजारो लोकांनी शिट्ट्या मारल्या. आठ टोले पडले. पडद्यावर निळा सदरा.

मी कारभारीकडे पाहिलं. तो पलंगावर बसून शेंगा सोलत होता.

पाचव्या टोल्याला काठी किंचित कड्याला घासते. रेकॉर्डिंगच्या दिवशी घासली, तशीच. आता ती प्रत्येक गावात, प्रत्येक कार्यक्रमात तिथेच घासणार.

वहिनींनी फोन कानाशी नेला आणि तेवढंच पुन्हा ऐकलं.

"हितं ताव जरा जास्त झाला व्हता," त्या म्हणाल्या. "माझीच चूक."